पेंढा नसलेलं नववं गाणं

बुधवारी आमचं भात झोडून झालं आणि पेंढा गोठ्यात आला. एकशे ब्याऐंशी भारे भरले. तीन वर्षांपूर्वी एकशे शहाण्णव होते. चौदा कमी आले, कारण यंदा खालच्या खाचरात पाणी जास्त दिवस तुंबून राहिलं. हे कारण मला माहीत होतं, तरी शेवटचा भारा मोजून गोठ्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा मन दुसरीकडेच गेलं. भिंतींना एकशे चव्वेचाळीस लागतात. मग माळ्यावर अडतीसच उरतात. त्या वर्षी बावन्न होते. अडतिसात पत्र्याचा आवाज अडेल का, असा विचार मी करत होतो, आणि आमच्या गोठ्यात आता आवाज करणारं कुणीही नाही.

सुगी संपल्यावरचे हे चार-पाच दिवस मला पूर्वी आवडायचे. खळं झाडून स्वच्छ होतं. खाचरांतून नुसती खुंटं उभी असतात, त्यांच्यात बगळे एकेक पाय मोजून टाकत फिरतात. हवा धुतल्यासारखी असते, दक्षिणेला सिद्धगडाचा डोंगर निळा दिसतो. आणि सगळ्या गावाला पेंढ्याचा वास असतो, थोडा गोड, थोडा धुळीचा, उन्हात तापलेल्या चटईसारखा. पूर्वी हा वास आला की काम संपलं असं वाटायचं. आता हा वास आला की काहीतरी राहून गेलंय असं वाटतं.

मी मोजणी खात्यात आहे. सव्वीस वर्षं झाली. धसईजवळच्या आमच्या गावातून शहापूरच्या कचेरीत मोटारसायकलने जायला एक तास पाच मिनिटं लागतात, मध्ये कुणी भेटलं नाही तर. काम शेतांच्या हद्दी दाखवण्याचं. आमच्याकडे एक जुना रोग आहे, बांध कोरण्याचा. दर वर्षी नांगरताना शेजारच्या बांधाची चार बोटं आपल्याकडे ओढायची. दहा वर्षांत हातभर जमीन होते, आणि मग दोन भाऊ कोर्टात उभे राहतात. मी जातो, मोजतो, दगड रोवतो, आणि दोघांच्याही नजरेत वाईट होतो. या कामात माणसाला बोलायची सवय राहत नाही. आकडा सांगितला की बोलणं संपतं.

माझ्या मुलीने, प्रज्ञाने, तिच्या बँडचं नाव ठेवलं 'बांधकोर'.

"एवढी नावं होती जगात," मी म्हणालो.

"पप्पा, तुमी ज्यांना आयुष्यभर पकडत आलात ते आमी."

ती कल्याणला कॉलेजात शिकली, तिथे गिटार शिकली, आणि तिथेच तिला हे पंक रॉक नावाचं संगीत सापडलं. मी तिला एकदा विचारलं होतं की हे नक्की काय असतं. ती म्हणाली, "तीन सूर, मोठा आवाज, आणि जे बोलायचं ते लगेच बोलायचं."

"म्हणजे भांडण."

"हो. पण तालात."

माझे वडील जयंतीला विहारासमोर खंजिरी घेऊन गायचे. त्यांचा आवाज पार ओढ्यापलीकडे जायचा. माझ्या गळ्यात ते काही आलं नाही. प्रज्ञाच्या गळ्यात आलं, पण ज्या वाटेने आलं ती वाट मला अनोळखी होती. तिचं ओरडणं ऐकून एकदा दारावर आलेली धसईची भाजीवाली माझ्या बायकोला, सुमनला, म्हणाली, "बाय, तुमच्याकडं कोण कोणाला मारतंय काय?" सुमनने शांतपणे सांगितलं, "नाय गो, आमच्या पोरीचा बँड आहे." त्यावर बाईने विचारलं, "मग आमच्या हळदीला येतील का?"

बँडमध्ये तिघेच होते. प्रज्ञा गिटार वाजवायची आणि गायची. तेजस शहापूरचा, जाड तारांची बेस गिटार वाजवायचा, आणि ध्वनिमुद्रणाची सगळी माहिती त्यालाच होती. ड्रम वाजवणारा नंदू वैशाखऱ्याचा. तो खरा लग्नाच्या बँडमधला ढोलवाला. त्याच्या मनगटात जे होतं ते शिकवून येणारं नव्हतं. त्या दिवाळीनंतर तिघांनी ठरवलं की आपल्या गाण्यांचा पहिला अल्बम करायचा. प्रज्ञाला बेंगळुरूला नोकरी लागली होती, तिथे हजर व्हायच्या आत करायचा. नाहीतर कधीच होणार नाही, हे तिघांनाही कळत होतं. मलाही कळत होतं. एकदा बेंगळुरूला गेलेली मुलगी गोठ्यात येऊन ओरडत नाही.

गोठ्याची कल्पना तेजसची. आमचे बैल वडील गेल्यावर विकले, तेव्हापासून तो रिकामा होता. लांबी बावीस फूट, रुंदी चौदा, विटांच्या भिंती आणि वर पत्रा. तेजसने आत जाऊन एकदा टाळी वाजवली. टाळी भिंतीवरून भिंतीवर गेली, पत्र्याला लागली आणि परत आली. "असा आवाज घुमला तर सगळा चिखल होईल, काका," तो म्हणाला. मग त्याची नजर खळ्यावर रचलेल्या पेंढ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून भारे आत रचले. चारही भिंतींना आठ फुटांपर्यंत एकशे चव्वेचाळीस, आणि पत्र्याखाली बांबूच्या माळ्यावर बावन्न. रचून झाल्यावर तेजसने पुन्हा टाळी वाजवली. टाळी त्याच्या हातातच मेली. मी आत जाऊन सहज "अरे वा" म्हणालो, तर माझा आवाज माझ्या ओठांपुढे वीतभर जाऊन खाली पडला. त्या खोलीत माणूस जेवढं बोलेल तेवढंच होतं. मला ती खोली आवडली.

अकरा दिवस ते काम चाललं. प्रज्ञाने मला एक काम दिलं. प्रत्येक वेळी गाणं वाजवलं की वहीत नोंद करायची, कितवी वेळ, किती मिनिटं, किती सेकंद, काय बिघडलं. मी सुट्टी टाकली. सव्वीस वर्षांत सलग अकरा दिवस सुट्टी मी लग्नानंतर तेव्हाच घेतली. पोत्यावर बसून, मांडीवर वही आणि हातात घड्याळ धरून मी शेतातल्या मोजणीसारखंच टिपण ठेवत गेलो. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. एकूण त्र्याऐंशी वेळा वाजवलं. नऊ वेळा नंदूच्या शिंकेने बिघडलं, कारण पेंढ्याची धूळ. सहा वेळा कोंबड्याने. चार वेळा ट्रॅक्टरने. दोन वेळा "चहा झाला गो" या हाकेने. बाकीच्या चुका त्यांच्या त्यांनी केल्या.

"तिसऱ्या गाण्याला मघाशी एक मिनिट एकतीस लागले होते," मी एकदा म्हणालो. "आता एक सत्तावीस. चार सेकंद पळालात."

नंदूने काठ्या खाली ठेवल्या. "काका, तुमी घड्याळ गिळलंय काय?"

"तुझाच हात पळतोय."

"पळणारच. गाणंच पळायचं हाय. एसटी आलीच नाय म्हणल्यावर मानूस चालल का पळल?"

प्रज्ञा हसत सुटली. तिच्या केसांत पेंढ्याच्या काड्या अडकल्या होत्या. ती मला म्हणाली, "लिहा पप्पा, चार सेकंद. लिहा. पुढच्या वेळी नंदूला बांधून ठेवते." मी लिहिलं. वहीत त्या ओळीपुढे माझ्याच अक्षरात 'सर्व हसले' असं आहे. मोजणीच्या टिपणात मी असं कधी लिहीत नाही.

गाणी मला आवडली असं मी म्हणणार नाही. शब्द नीट कळत नव्हते. एसटीवरचं एक होतं, आमच्याकडे शेतं घेऊन बंगले बांधणाऱ्यांच्या तारेच्या कुंपणावरचं एक होतं, टँकरच्या पाण्यावरचं एक होतं, ते अठ्ठेचाळीस सेकंदांत संपायचं. पण त्या अकरा दिवसांत सकाळी उठलो की मला कुणीतरी वाट बघतंय असं वाटायचं. "पप्पा, चला, वही घ्या." इतकंच. पन्नाशीच्या माणसाला याहून जास्त काय लागतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सातव्या दिवशी, गुरुवारी, आमची डीपी जळाली. गावाला तीन दिवस वीज आली नाही. तोवर आठ गाणी झाली होती, नववं राहिलं होतं. प्रज्ञाने ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं आणि त्याची तालीमही माझ्यासमोर कधी केली नव्हती. मला वाटलं, अवघड असेल.

आता पेंढ्याची गोष्ट सांगायला हवी. बैल विकल्यापासून आमची नांगरट आणि चिखलणी बाळू करतो. बाळू शेजारचाच, शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याचे बैल आमच्या खाचरात, आमचा पेंढा त्याच्या गुरांना. यात पैशांचा संबंध नाही. सुगीनंतर तो सांगेल त्या दिवशी पेंढा न्यायचा, एवढाच करार, तोही तोंडी. त्या वर्षी रविवार ठरला होता. सकाळी सात.

शनिवारी दुपारी प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. "पप्पा, उद्या वीज येईल म्हणतात. बाळूकाकांना दोनच दिवस थांबायला सांगा ना."

"रविवार सांगितलाय त्याला."

"म्हणून तर म्हणते, विचारा."

"शब्द दिलाय."

"विचारल्याने शब्द मोडतो का?"

मी चप्पल घातली आणि बाळूकडे निघालो. ती ओट्यावरून बघत होती.

माझे वडील एक वाक्य नेहमी सांगायचे. "आपलं माप लोक दोनदा मोजतात. म्हणून ते पहिल्यांदाच भरलं पाहिजे." ते का दोनदा मोजतात हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आमच्या वस्तीत ते कुणाला सांगावं लागत नाही. बाळूने आयुष्यात कधी माझं काही मोजलं नसेल. पण वडिलांचं वाक्य बाळू बघून थांबत नाही. मी त्याच वाक्यावर नोकरी केली, त्याच वाक्यावर घर केलं. दिलेली वेळ मी कधी बदलून मागितली नाही, कुणाकडेच.

बाळूच्या अंगणात पेंढा रचायचा मांडव तयार होता. नवे बांबू बांधले होते. त्याच्या बायकोने चहा दिला. बाळू म्हणाला, "म्हैस यंदा दुधाला बरी हाय रे." मी म्हणालो, "बरी दिसते." तो म्हणाला, "आभाळ बघ, जरा भरल्यासारखं वाटतं." मी वर बघितलं. दोन ढग होते. मग मी तोंड उघडलं. जे विचारायला गेलो होतो ते जिभेवर होतं. आणि मी म्हणालो, "उद्या सात म्हणजे सातच ना?"

"तुझ्याकडं यायचं म्हणजे सातच," बाळू म्हणाला. "सव्वासातला आलो तर नोटीस काढशील."

आम्ही हसलो. मी घरी आलो. प्रज्ञा ओट्यावरच होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"उद्या सातलाच येतोय," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. तिला वाटलं मी विचारलं आणि बाळू नाही म्हणाला. तिला तसं वाटलं हे मला दिसलं, आणि मी आत जाऊन पाणी प्यालो.

"बरं," ती म्हणाली.

रविवारी सात वाजता ट्रॉली आली. प्रज्ञाने स्वतः भारे उचलले. एकेचाळीस. मी मोजत होतो, कारण काय करावं ते मला सुचत नव्हतं. बाळूने भाड्याच्या ट्रॅक्टरवर चढताना विचारलं, "काय गो प्रज्ञा, झाली का गाणी?"

"एक राह्यलंय काका."

"मग म्हन की!" असं म्हणून तो हसत निघून गेला. पेंढ्याचा आणि गाण्याचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. त्याला वाटलं असेल, आम्ही नेहमीसारखा गोठ्यात ठेवलाय.

बारा चाळीसला वीज आली.

त्यांनी प्रयत्न केला. रिकाम्या गोठ्यात नंदूने पहिला ठोका मारला आणि सगळा पत्रा थरथरला. "माझ्या आधी हा पत्राच वाजतोय," तो म्हणाला. सुमनने घरातल्या गोधड्या दिल्या, चटया दिल्या. त्याने काही झालं नाही. तुळशीची लग्नं होऊन गेली होती, नंदूच्या बँडला सुपाऱ्या लागल्या होत्या, संध्याकाळी त्याला एका हळदीला उभं राहायचं होतं. तीन वाजता तो निघाला. माझ्या पाया पडायला वाकला, तसा मी मागे सरलो, आमच्याकडे ती पद्धत नाही. "काका, पुढल्या सुगीला घड्याळ तयार ठेवा," तो म्हणाला. मी हो म्हणालो.

सोमवारी दिवस कलताना प्रज्ञाने नववं गाणं एकटीने म्हटलं. नुसती गिटार, आणि रिकाम्या जमिनीवर तिचा पाय. तेजस यंत्र घेऊन दारात बसला. मी कोंबडा टोपलीखाली कोंडला. सुमनला भांडी वाजवू नको म्हणालो. आणि वही घेऊन गोठ्याकडे निघालो, तेव्हा प्रज्ञा आतून म्हणाली, "पप्पा, आज वही नको. एकदाच म्हणणार आहे."

मी बाहेर थांबलो. आंब्याखाली, दारापासून अकरा पावलांवर. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. भिंतीतून, पत्र्यातून, कौलारू घराच्या बाजूने फिरून तिचा आवाज असा येत होता की जणू ती ओढ्याच्या पलीकडून कुणाला हाक मारते आहे. मला माझे वडील आठवले. मला वाटलं, जवळ जावं. मग वाटलं, ती नको म्हणाली आहे.

गुरुवारी ती बेंगळुरूला गेली. अल्बम पुढे फेब्रुवारीत आला, म्हणजे फोनवर आला, आता तसाच येतो. नाव 'हद्द कायम'. आमच्या खात्यात एका प्रकारच्या मोजणीला हे नाव आहे, हद्दीच्या खुणा पक्क्या करून देण्याच्या. एकूण एकोणीस मिनिटं दोन सेकंद. त्यातली पंधरा मिनिटं पन्नास सेकंद पेंढ्यातली, आणि तीन मिनिटं बारा सेकंद पेंढ्याशिवायची. मी शहापूरच्या कचेरीच्या व्हरांड्यात, जेवणाच्या सुट्टीत, कानात यंत्र घालून ते पहिल्यांदा ऐकलं. नवव्या गाण्याचे शब्द तेव्हा कळले.

साऱ्या गावाची हद्द दाखवली,
माझी कुठवर, सांगितलं नाय.

एवढंच पुन्हा पुन्हा आहे. ओरडून नाही, साधं म्हटलेलं. मधेच "अकरा दिवस सोबत बसला" अशी एक ओळ आहे, ती तिने आयत्या वेळी घातली असणार, कारण गाणं त्याच्या खूप आधीचं. ती ओळ चांगल्या अर्थाने आहे की वाईट, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. डबा तसाच राहिला.

तेजसने नंतर मला सांगितलं की लोकांना शेवटचं गाणंच सगळ्यात आवडलं. कुणीतरी लिहिलं म्हणे, बाकीची आठ कोंदलेली, घट्ट, आणि शेवटी एकदम रिकामी जागा उघडते, ही कल्पना फार मोठी आहे. कल्पना कुणाचीच नव्हती. सकाळी सात वाजता ट्रॉली आली होती.

त्या गाण्याच्या शेवटी आवाज थांबल्यावर नऊ सेकंद काही नाही. म्हणजे तसं वाटतं. नीट ऐकलं तर टोपलीखालचा कोंबडा फडफडतो, आणि मग आंब्याच्या वाळलेल्या पानांवर पावलं वाजतात. पाच. ती माझी आहेत. ऐकणाऱ्याला ती दाराकडे येतायत की दारापासून लांब जातायत हे कळायला मार्ग नाही. मला माहीत आहे.

पुढच्या जुलैत बाळू आमच्या खाचरात चिखलणी करत होता. मी बांधावर उभा. का कोण जाणे, मी त्याला ते सगळं सांगितलं, पेंढा कशाला रचला होता, गाणं कसं राहिलं. त्याने बैल थांबवले. गुडघाभर चिखलात तो माझ्याकडे बघत राहिला.

"मग मला सांगायचं ना!"

"शब्द दिला होता."

"येडा का रे तू? दोन दिवसांनी काय माझ्या म्हशी मरनार होत्या? आठ दिवस ठेवला असता." मग बैलांच्या शेपट्यांना हात लावून तो पुढे गेला, आणि वळणावरून पुन्हा ओरडला, "मोजनी करून करून डोकं दगडाचं झालंय तुझं!"

हे मी प्रज्ञाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधी दुसरं सांगावं लागलं असतं.

बँडचं पुढे काही झालं नाही. नंदू लग्नांत वाजवतो, रस्त्यात भेटला की हॉर्न देतो. तेजस पुण्याला गेला. प्रज्ञाचा फोन दर रविवारी संध्याकाळी येतो, आईला. त्या दोघी अर्धा तास बोलतात, हसतात, भाजी काय केली इथपासून सगळं. शेवटी सुमन म्हणते, "घ्या, बोला पप्पांशी." मी विचारतो, तिकडे पाऊस आहे का. ती सांगते, आहे किंवा नाही. मी विचारतो, जेवलीस का. ती सांगते, हो. मग मी म्हणतो, ठेवतो, आणि ती म्हणते, बरं. एकदा मी घड्याळ लावून बघितलं होतं. चाळीस सेकंद. ती माझ्याशी रागाने बोलत नाही, अगदी चांगली बोलते. पण तीन वर्षांत तिने मला एकही प्रश्न विचारलेला नाही. मी हेही मोजलं, आणि मोजायला नको होतं.

सुमन कधी यात पडत नाही. एकदाच म्हणाली, "तुमी दोघं एकमेकांचे बांध कोरत नाही, हाच तुमचा प्रॉब्लेम आहे."

यंदा भारे आत आल्यावर मी एकट्याने ते रचले. चारही भिंतींना. माळ्यावर अडतीस. दोन दिवस लागले, आता पाठ पूर्वीसारखी नाही. सुमन दारात येऊन बघून गेली, पाणी ठेवून गेली. रचून झाल्यावर मी मधोमध उभा राहिलो आणि टाळी वाजवली. हातातच मेली. अडतीस पुरले. मग मी मोठ्याने "प्रज्ञा" म्हणून बघितलं. नाव वीतभर गेलं आणि पडलं. ज्या खोलीत आवाज परत येत नाही, तिथे माणसाने एकट्याने हाक मारू नये.

काल सकाळी मी बाळूकडे गेलो. यंदाही रविवारच ठरला होता, म्हणजे आजचा. चहा आला. या वेळी आभाळ स्वच्छ होतं.

"बाळू," मी म्हणालो, "पेंढा जरा थांबव."

तो माझ्याकडे बघत राहिला. "काय झालं? बरा हायस ना?"

"बरा आहे."

"पोरगी येतेय का?"

"नाय."

"मग?"

"राहू दे जरा. तुला जमेल का, विचारतोय."

बाळूने बशी खाली ठेवली. चाळीस वर्षांत मी त्याच्याकडे पहिल्यांदा काही मागत होतो, आणि ते त्याला कळलं असावं, कारण त्याने चेष्टा केली नाही. "राहू दे की," तो म्हणाला. "माझ्याकडं मागल्या सालचा अजून हाय."

आज संध्याकाळी फोन आला. सुमन बोलली, हसली, कुणाच्या तरी बाळंतपणाचं सांगितलं. मग म्हणाली, "घ्या, बोला." मी फोन घेतला. पाऊस ओठांवर आला होता. नोव्हेंबरात कसला पाऊस.

"प्रज्ञा," मी म्हणालो. "त्या वर्षी मी बाळूला विचारलंच नव्हतं. गेलो होतो, चहा प्यालो, आणि न विचारता आलो. तो थांबला असता. तो नाही म्हणाला असं तुला वाटलं. मी वाटू दिलं."

सुमनने गॅस बारीक केला.

"या वर्षी विचारलं," मी म्हणालो. "काल. पेंढा गोठ्यात आहे, तसाच रचलाय. तो थांबतो म्हणाला."

मी वाट बघत होतो त्या "बरं"ची. ते आलं नाही. पलीकडे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग तिने विचारलं,

"किती दिवस थांबणार म्हणाले?"

मी कॅलेंडरकडे बघितलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"ते नाही विचारलं," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला नाही. मी सवयीने सेकंद मोजायला लागलो. चारपर्यंत मोजले, आणि मग सोडून दिले.